पदकाच्या कडेवरचं नाव

काल सुनेनं समई चिंचेनं घासली आणि त्या आंबट वासासरशी मला कन्नड गावातली एक दुपार आठवली.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं झाली असतील. मी औरंगपुऱ्यातल्या एका कचेरीत कारकून होतो आणि जुनी लष्करी पदकं जमवायचा मला नाद होता. कन्नडच्या एका विधवा बाईंकडे पहिल्या महायुद्धातलं पदक आहे असं कळलं, तसा एस्टीनं गेलो. त्यांनी ते देव्हाऱ्यातून काढून दिलं. दर दिवाळीला चिंचेनं घासून त्यावरच्या राजाचे नाकडोळे पार झिजले होते.

"मावशी, घासायला नको होतं. किंमत जाते."

"माणूस घरला आला नाय. त्याचा बिल्ला तरी काळा पडू द्यावा व्हय?"

तरी त्या विकायला तयार होत्या. पावसाळ्याआधी छप्पर करायचं होतं. मी सवयीनं पदक उजेडात धरलं आणि कडेवरची बारीक इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचली, "शिपाई गणपत तुकाराम."

बाई दचकल्या. "त्यांचं नाव हाय तिथं?"

मी पुन्हा वाचलं. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, बिल्ल्यावर नुसता राजाच आहे.

"मग नाय द्यायचा, भाऊ," त्या म्हणाल्या.

परतताना मी स्वतःवरच चिडलो होतो. गप्प राहिलो असतो, तर पदक मिळालं असतं. आज माझ्या कपाटात साठेक पदकं आहेत. त्यांतलं एकही नाव मी कुणाच्या घरच्यांना वाचून दाखवलेलं नाही.