पिवळा मासा काढल्यावर

अनंत मेश्राम नागपुरात समुद्राचं पाणी तयार करतो. लकडगंजातल्या त्याच्या खोलीत एक निळा ड्रम आहे. गाळलेल्या पाण्यात तो खास मीठ विरघळवतो, काठीने ढवळतो आणि कॅन भरून स्कूटरवर निघतो. खरा समुद्र त्याने पाहिलेला नाही. शहरातल्या चार-दोन खाऱ्या टाक्यांची निगा राखणं हेच त्याचं काम.

त्यातली एक टाकी रामदासपेठेतल्या डायलिसिस केंद्रात, बाहेर बसायच्या जागेत आहे. तिच्यातल्या दगडाला धरून हिरवं समुद्री शेवाळ वाढायचं, पिसांसारखं. टाकीतल्या माशांपैकी एक पिवळा मासा दिवसभर त्याचे शेंडे खुडायचा. डायलिसिसला येणाऱ्या सिंधूताई आपला नंबर येईपर्यंत टाकीसमोर बसत. घोटभर पाणीही मोजून पिणाऱ्या त्या बाईंना एवढं पाणी नुसतं बघायला बरं वाटे. एकदा त्या अनंतला म्हणाल्या, "हा मासा त्या झाडाले वाढूच देत नाही गा. काढ न त्याले."

अनंतला ठाऊक होतं, मासा खातो म्हणूनच शेवाळ बेतात राहतं. मोकळं सुटलं की ते फोफावतं. मग ऋतू पालटून पाणी कोमट झालं की एखाद्या पहाटे अंगातलं सगळं बीज पाण्यात सोडतं आणि स्वतः पांढरं पडून मरतं. समुद्रात ते बीज लाटा घेऊन जातात, कुठल्यातरी खडकावर ते रुजतं. काचेत लाट नसते; सगळं तिथंच सडतं आणि मासे गुदमरतात.

तरी तो "काढतो मावशी" म्हणाला. एका हॉटेलची टाकी शेवाळाने बुजून गेली होती, मालक काम काढून घेण्याच्या गोष्टी करत होता आणि अनंतला शेवाळ खाणारा मासा हवाच होता.

मासा हॉटेलच्या टाकीत गेला. हिवाळाभर शेवाळ वाढत राहिलं. सिंधूताई शेजारच्या पेशंटला ते "माहं झाड" म्हणून दाखवत. ते कापायला हवं होतं. अनंत कात्री काढायचा आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून पुन्हा पिशवीत ठेवायचा. तशी त्याला हॉटेलकडे जायची घाईही असायची.

होळीनंतर एका सकाळी काउंटरवरच्या पायलचा फोन आला. टाकीत हिरवट दूध ओतल्यासारखं झालं होतं. शेवाळाची पांढरी सालं तरंगत होती, आणि त्यांच्यात मासे. सगळे मेलेले.

तो बादलीने पाणी उपसत असताना सिंधूताई आल्या आणि रिकाम्या होत चाललेल्या काचेसमोर बसल्या. शाल घरी राहिली होती. एसीखाली हात काखेत घालून कुडकुडत होत्या. एसी कमी करू का, असं पायलने विचारलं तर नको म्हणाल्या. मग अनंतला हळूच म्हणाल्या की आपण उगाच तोंड उघडलं, आपल्या एका शब्दाने एवढे जीव गेले, आता कोणाला काही मागायचं नाही.

अनंत सगळं उन्हावर ढकलणार होता. उन्हाला कोण जाब विचारतो? "यंदा ऊन" इथवर तो आलाही. पण सिंधूताईंचे दात वाजत होते.

"मावशी, मासा तुमच्यासाठी नाही काढला. मलेच पाहिजे होता, दुसऱ्या टाकीसाठी. असं होऊ शकते, हेही मले माहीत होतं."

"मंग माह्या नावानं काहून काढला गा?"

अनंतने बादली पुन्हा पाण्यात बुडवली. मग सिंधूताई काउंटरकडे मान वळवून म्हणाल्या, "पायल, तो एसी कमी कर वं. थंडी वाजून राहिली."

केंद्राच्या डॉक्टरांना मात्र अनंतने ऊनच सांगितलं. त्यांनी टाकी पुन्हा भरायला लावली. आता तो कॅन घेऊन येतो तेव्हा सिंधूताई टाकीकडे पाठ करून बसलेल्या असतात.