साळूबाईचं तोंड

रहिमतपूरच्या शिवारात साळूबाईच्या तोंडाला न भिणारा माणूस शोधूनही सापडला नसता. कालवण आळणी झालं की "छ्या!" शेजारणीनं खरकट्या हातानं माठात तांब्या बुडवला की "शी गं बया!" नवरा आकाराम उंबऱ्यापाशीच तंबाखू थुंकला की "काय म्हणावं ह्या माणसाला!" आणि समोरचा फारच जवळचा असला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. गावाला त्याचं काही वाटत नसे. उलट साळूबाई गोड बोलायला लागली की ऐकणारा हळूच काढता पाय घ्यायचा, कारण मनातून उतरलेल्या माणसाशीच ती तेवढं गोड बोलायची.

हे गावाला ठाऊक होतं. मलकापूरच्या पाव्हण्यांना कुठून ठाऊक असणार?

ते आज तिच्या लीलाला बघायला यायचे होते. मुलगा जोतीराम पलटणीत होता, लढाई संपली तसा सुखरूप घरी आलेला. जत्रेत लीलानं त्याला लांबून बघितलं होतं, आणि तेव्हापासून तिचं कामात लक्ष नव्हतं. आधीचं स्थळ साळूबाईच्या तोंडानंच मोडलं होतं. नवऱ्यामुलाला बघताच ती सगळ्यांदेखत "ह्ये कुठलं ध्यान धरून आणलंसा?" म्हणाली होती!

"आज तोंड उघडलंस तर बघ," आकारामनं सकाळीच दम भरला.

"आवं, मला काय कळत न्हाई व्हय? पोरीचा जीव त्याच्यात गुंतलाय. आज मी निस्ती साखर."

आणि खरंच की हो! पाव्हणे आले, बसले, जेवले, आणि साळूबाईच्या तोंडून एक वाकडा शब्द गेला नाही. जोतीरामनं आमटीची वाटी लवंडली, तरी ती "आसूंद्या, आसूंद्या" म्हणाली. म्हणताना तिची जीभ नुसती वळवळत होती. पण ती जितकी गोड बोलत गेली, तितकी मुलाची आई चंद्राबाई आखडत गेली. शेवटी पदर सावरत चंद्राबाई म्हणाली, "पोरगी चांगली हाय. बघू. कळवतो आमी."

कळवतो! म्हणजे काय ते साळूबाईला बरोबर कळलं. आतल्या खोलीत लीलाच्या हातातलं भांडं खाली पडलं. साळूबाईच्या काळजाचं पाणी झालं. कुठं चुकलं तेच तिला उमगेना.

घरामागंच त्यांचं गुऱ्हाळ चालू होतं. पाव्हण्यांना गूळ दिल्याशिवाय कसं वाटेला लावायचं, म्हणून आकाराम सगळ्यांना तिकडं घेऊन गेला. उकळत्या गुळाची काहील नुकतीच तो निववायच्या वाफ्यात ओतली होती. सोन्यासारखा पातळ गूळ वाफाळत होता. जोतीरामनं कित्येक वर्षांत तो वास घेतला नव्हता. गडी सगळं विसरला. खाली वाकला आणि बोट बुडवायला हात पुढं केला.

"आरं मुडद्याऽऽ!" साळूबाईनं झडप घालून त्याचं मनगट मागं ओढलं. "हाताचं सालटं निघंल की! शेतकऱ्याचा ना रं तू? येवढा घोडा झालास, आक्कल काय पलटणीत ठेवून आलास?"

गुऱ्हाळातले गडी वळून बघू लागले. आकारामनं कपाळावर हात मारला. साळूबाईनं पदर तोंडात कोंबला. संपलं! आपल्याच हातानं पोरीचं वाटोळं केलं!

चंद्राबाई पुढं आली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि ती हसत होती.

"बाई, मघापासनं तुमचं ग्वाड बोलणं ऐकून मला धास्ती पडली हुती. म्हटलं, ह्या घरात मनातलं कुणी बोलतच न्हाई का काय." तिनं नाक पुसलं. "ह्येला मी उठता-बसता मुडद्याच म्हणायची. पण ह्यो लढाईवर गेला, आन त्या दिसापास्नं त्यो शबुद माझ्या तोंडातनं निघंना. घरी आला तरी निघंना. लय भ्या वाटायचं वं."

साळूबाईनं चंद्राबाईचा हात घट्ट धरला. जोतीराम खाली मान घालून उभा होता.

चंद्राबाईनं डोळे कोरडे केले, एक मोठा श्वास घेतला आणि लेकाच्या पाठीत धपाटा घातला.

"बघतोस काय, मुडद्या? सासूच्या पाया पड!"