आतोबांचा फटका

माणसाच्या शरीरातला कुठला सांधा कुठल्या दिशेला वळावा याचे काही नियम असतात, आणि आमच्या आतोबांनी ते सगळे एका फटक्यात मोडून दाखवले होते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लालबागला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायचे. मूळचे मालवणकडचे, अंगाने काटकुळे, आणि कुठलीही गोष्ट सरळ करायची म्हटली की त्यांना जणू अपमान वाटायचा. सदरा ते आधी डोक्यावर टाकत आणि मग आत शिरून बाह्या शोधत. कपावर बशी झाकून, कडेच्या फटीतून चहा ओढत. आत्याने विचारलं तर म्हणत, "वाफ फुकट कित्याक घालवची?"

गिरणीत ते साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साचा कसा चालतो ते एकदा बघावं अशी आत्याची फार इच्छा होती, पण बायकामाणसांना गेटाच्या आत कोण सोडणार? मग संप झाला. तो लांबत गेला, आणि पुढे तो कधी मिटेल हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं. आत्याने घरी डबे करायला घेतले. आतोबांना कुण्या गाववाल्याने वडाळ्याच्या पलीकडे, साहेबलोकांच्या एका क्लबात गवत कापायच्या कामाला लावलं. तिथे गोल्फ खेळत. आठवड्याभरात आतोबा एका साहेबाने टाकून दिलेली वाकडी काठी घेऊन घरी आले, आणि आमच्या गॅलरीतली शांतता संपली.

त्यांचा फटका सांगून कळणं कठीण आहे. चेंडूकडे जवळजवळ पाठ करून ते उभे राहत. मग अदृश्य स्टुलावर बसल्यासारखे अर्धवट खाली बसत. डावा पाय हवेत जाई, काठी मानेभोवती फिरून पलीकडच्या खांद्यावरून डोकावे, डोळे घट्ट मिटत, आणि "हुप्प!" असा आवाज करून, पिळलेलं धोतर सुटावं तसे ते सर्रकन उलगडत. फटका संपला की त्यांचं तोंड भलतीकडे असे. "खंय गेलो?" म्हणून चेंडूचा पत्ता त्यांना दुसऱ्याला विचारावा लागे. आणि चेंडू दर वेळी सरळच गेलेला असे! आत्याने शिवून दिलेला चिंध्यांचा चेंडू समोरच्या चाळीतल्या नानींच्या उघड्या दारातून आत जाऊन थेट देव्हाऱ्यापुढे थांबायचा. पहिल्या दिवशी नानी भांडायला आल्या. पुढे पुढे चेंडूबरोबर प्रसाद पाठवू लागल्या.

क्लबातही रिकाम्या वेळी ते असाच फटका मारत, पण तिथले साहेब मात्र पोट धरून हसत. एकाने तर विचारलं, "अरे, ये बॉल मार रहा है या मच्छर?" आत्यालाही चाळीत मान वर करायची चोरी झाली. "जरा माणसासारखं उभं राहून मारा की," ती म्हणायची. आतोबा हो म्हणायचे आणि पुन्हा अदृश्य स्टुलावर बसायचे.

वर्षाकाठी क्लबात नोकरमाणसांचा सामना होई. त्या वर्षी आतोबांनी आत्याला बरोबर चलायला सांगितलं. "साचो काय तुका दाखवूक नाय," ते म्हणाले, "ह्यां तरी बघ." आत्या ठेवणीतली नऊवारी नेसली. मी सोबतीला गेलो.

मैदानाच्या कडेला आम्ही उभे होतो. आतोबांचं नाव पुकारलं. साहेब आधीच हसायला तयार. आतोबांनी एकदा आत्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते ताठ उभे राहिले. पाय जुळवलेले, मान सरळ, अगदी शाळेत शिक्षा झाल्यासारखे. काठी फिरली. चेंडू जागेवरच. पुन्हा फिरली. मातीचं ढेकूळ उडालं, चेंडू होता तिथेच. आतोबांचे कान लाल झाले. मला कळलं, हा माणूस बायकोची लाज राखतोय.

आत्यालाही ते कळलं असावं. तिने पदर खोचला आणि सगळ्या साहेबांच्या देखत ओरडली, "अवो, असे खांबासारखे काय उभे रवलात? घरात मारतास तसो मारा! हसणाऱ्यांका हसांदेत!"

आतोबा हळूच खाली बसले. पाय हवेत गेला. "हुप्प!"

चेंडू लांब खळग्यात रोवलेल्या झेंड्याच्या दांडीला लागून खाली पडला. कोणी हसलं नाही. उलट्या दिशेला तोंड करून उभे असलेले आतोबा विचारत होते, "खंय गेलो?" सामना ते हरले, कारण आधीचे वाया गेलेले फटके धरले होते. पण घरी परतताना आत्या बसच्या खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत होती.

गिरणीच्या जागी आता काचेचा उंच टॉवर आहे. मागे आतोबांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, हात चालता ठेवा. म्हणून संध्याकाळी आत्या त्यांना गच्चीवर नेते, चिंध्यांचा चेंडू समोर ठेवते आणि पाठीमागून त्यांचा हात धरते. आता कंबर वळत नाही, पाय उचलत नाही. आतोबा सरळ उभे राहतात, डोळे उघडे ठेवून, कुठल्याही साहेबाने वाखाणावं असा बिनचूक फटका मारतात. चेंडू पायाशीच घरंगळून थांबतो.

"खंय गेलो?" समोर दिसत असूनही ते विचारतात.

"लांब," आत्या म्हणते, आणि चेंडू उचलायला सावकाश वाकते.