कुणाकडचं पाव्हणं

बेळगुंदीच्या रवळूच्या गाडीचा विमा मी उतरवला, म्हणून ही हकिकत मला ठाऊक. मी केशव, बेळगावात विम्याचा एजंट. विमा घेताना कुणी नीट ऐकून घेत नाही, सही कुठं करायची तेवढं विचारतात. रवळूनं मात्र सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि त्यातलं काही म्हणता काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

"पांढऱ्या नंबरपाटीची गाडी घरच्या माणसांसाठी," मी बजावलं. "पैसे घेऊन कुणाला बसवलंस तर पिवळी पाटी लागते, विमाही वेगळा लागतो. नाहीतर ठोकलीस की कंपनी हात वर करणार."

"व्हय अण्णा. माझ्या गाडीत बसल्यालं समदं घरच्यावानीच."

रवळू बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. बायको रचना निपाणीजवळच्या बोरगावच्या शाळेत शिकवते, लेक सौम्या तिच्याजवळ. म्हातारा बाप बेळगुंदी सोडायला तयार नाही, म्हणून हा इकडं. शनिवारी पाळी सुटली की बोरगाव गाठायचं, सौम्या झोपायच्या आत, एवढ्याचसाठी ती गाडी घेतलेली. पुढं फौंड्रीतल्या कुणीतरी त्याच्या मोबाइलवर एक अ‍ॅप घालून दिलं. त्याच वाटेनं जाणारी माणसं त्यात जागा धरायची आणि उतरताना पेट्रोलचा वाटा द्यायची. गाडी तशीही रिकामीच जात होती.

या प्रवाशांना तो पाव्हणं म्हणायचा. आमच्याकडं वाट विचारणाऱ्यालाही पाव्हणं म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण रवळू तसा वागायचाही. संकेश्वरला चहा पाजायचा, पिशवी दारापर्यंत पोचवायचा, न विचारता घरच्या सगळ्यांची चौकशी करायचा. काहींना त्याचा जाचही होत असणार.

एका शनिवारी निपाणीच्या मालुबाई पुढच्या सीटवर होत्या. लेकीकडून परत निघालेल्या, जागा नातवानं धरून दिलेली. हायवेवर बाजूच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला. रवळूनं गाडी वळवली ती दुभाजकावर गेली. गाडीचं तोंड चेपलं आणि मालुबाईंचं उजवं मनगट मोडलं. रवळूला खरचटलंही नाही, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

नुकसान बघायला कंपनीनं सर्व्हेअर पाठवला. दावणगेरीकडचा सज्जन माणूस, मराठी कामापुरती. गॅरेजमध्ये चेपलेल्या गाडीजवळ उभं राहून त्यानं विचारलं, "गाडीत कोण होतं?"

"पाव्हणं हुतं, सायेब."

सर्व्हेअरनं माझ्याकडं पाहिलं. "पाव्हणं अंद्रे? नेंटरु?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं, म्हणजे नातेवाईक का.

"हौदु," मी होकार दिला. शब्दकोशात बघितलं तरी ते खोटं नव्हतं. त्यानं लिहून घेतलं आणि माझा जीव भांड्यात पडला. नातेवाईक असतील तर गाडी घरच्या कामाला होती, दुरुस्ती कंपनी देणार. पेन खिशात ठेवता ठेवता त्यानं सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "कुणाकडचे? आईकडचे की बायकोकडचे?"

मी रवळूला डोळ्यांनी खुणावलं. त्यानं थोडा विचार केला आणि मनापासून उत्तर दिलं.

"अ‍ॅपकडचं."

पेन परत बाहेर आलं. दावा नामंजूर झाला. मला रवळूचा सणसणीत राग आला. बेळगुंदीच्या वाटेवर मी त्याला वाट्टेल ते बोललो. तो म्हणाला, "त्येनी इचारलं, मी सांगिटलं. पाव्हण्याचं नाव दडवून कसं चालंल अण्णा?"

दुरुस्ती त्याच्या आवाक्यातली नव्हती. गाडी होती तशी विकावी लागली. आता शनिवारी तो बसनं जातो, निपाणीत उतरून बोरगावची बस धरतो. मधल्या वेळात मालुबाईंच्या घरी जाऊन हात कसा आहे ते बघून येतो. पहिल्या दोन वेळा त्यांच्या मुलानं त्याला दारातच उभं केलं. तिसऱ्या वेळी मालुबाईंनी आतून हाक मारली. बोरगावला पोचेपर्यंत सौम्या झोपलेली असते. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा माझा राग निवला, पण वाईट वाटायचं काही थांबलं नाही.

बेळगुंदीच्या जत्रेला मी गेलो होतो. रवळूच्या अंगणात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. रचना वाढत होती, आणि सौम्या एका म्हातारीला खेटून बसली होती. प्लास्टर निघालं होतं, तरी मालुबाई डाव्या हातानंच जेवत होत्या.

शेजारच्या भरमाआप्पानं पंगतीतून विचारलं, "रवळू, हे पाव्हणं कुणाकडचं रं?"

आमटीची बादली हातात घेऊन रवळू पुढं सरकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"घरचं."

हेच उत्तर त्यानं सर्व्हेअरला दिलं असतं, तर गाडी दारात उभी असती. पण तेव्हा ते खरं नव्हतं.