उतारावर हँडल थरथरलं तेव्हा

माझा आवाज मोठा आहे. अंबरनाथच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, आधी लेथवर, मग सुपरवायझर म्हणून. तिथे कानात सांगायची सोय नसते. शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला ‘मशीन बंद कर’ म्हणायचं आणि त्याने ते पहिल्या हाकेला ऐकायचं, नाहीतर कुणाचं तरी बोट जायचं. असा कमावलेला आवाज घरी आल्यावर चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी जेवताना मीठ मागितलं की तळमजल्यावरचे हसतात, असं बायकोचं म्हणणं आहे.

मुलीला सायकल शिकवली तीही अशीच, मागून ओरडत. पुढे बघ, हँडल घट्ट धर, पाय थांबवू नकोस. तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता बावीसची आहे, नोकरीला लागली आहे, आणि मी अजून मागूनच ओरडतो.

नोकरी लागल्यावर तिने गिअरची सायकल घेतली. आम्ही दोघं ती आणायला उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गेलो होतो. सायकल सुंदर होती, पण तिला कॅरिअर नव्हतं. मी दुकानातच अडून बसलो. कॅरिअर नसलेली सायकल म्हणजे मला अर्धवट वाटते, शर्टाला खिसा नसल्यासारखी. सिंधी दुकानदार वैतागला. ‘‘साहेब, इस मॉडेल को कॅरिअर आता ही नहीं. बोलत असाल तर सीटच्या दांड्याला पकडून बसवतो, पण जादा वजन नहीं डालने का.’’ मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘बाबा, राहू द्या ना, कुणी लावत नाही.’’ मी म्हणालो, कुणी लावत नाही म्हणूनच लावायचं. कॅरिअर लागलं.

दर रविवारी ती पहाटे बारवी धरणाच्या रस्त्याने जायची. तिच्या आईला तिचं एकटीने जाणं पसंत नव्हतं, म्हणून मी माझी जुनी काळी सायकल माळ्यावरून उतरवून घेतली आणि सोबत निघू लागलो. उल्हास नदीचा पूल ओलांडला की वस्ती विरळ होत जाते, मग शेतं, मग झाडी. चढावर ती पुढे जाऊन माझी वाट बघायची. मी पोचलो की सीट उंच आहे, हेल्मेटचा पट्टा सैल आहे, असं काहीतरी सांगायचो. ती ‘हो बाबा’ म्हणायची आणि पुन्हा पुढे जायची.

हे झालं ते मे महिन्यातल्या एका रविवारी. धरणाच्या बाजूने परत येताना पाड्यावरची एक म्हातारी रस्त्याकडेला फणस घेऊन बसली होती. ‘‘न्या दादा, कापा हाय, बरका न्हाय,’’ म्हणाली. कापा म्हणजे घट्ट गऱ्यांचा, माझ्या बायकोला आवडतो तो. चांगला दणकट फणस होता, तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी उचलावा लागला. माझ्या कॅरिअरवर पिशवी होती, पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या काढून फणस तिथे बांधता आला असता. पण मला वाटलं, एवढं भांडून बसवलेलं कॅरिअर एकदा तरी कामाला येऊ दे. जुन्या ट्यूबच्या पट्टीने मी तो तिच्या सायकलवर आवळून बांधला. ‘‘हलत नाही बघ,’’ म्हणून वर थोपटलासुद्धा. तिने सायकल जराशी हलवून पाहिली आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

पुढे एक लांब उतार आहे. सरळ खाली जातो आणि तळाला डावीकडे वळतो, तिथे एक मोरी आहे. मोरीला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि खाली कोरडा ओढा, सगळे धोंडेच धोंडे. माझ्या सायकलचे ब्रेक जुने, रॉडचे, उशिरा लागणारे, म्हणून मी उताराच्या सुरुवातीपासूनच दोन्ही ब्रेक आवळून, चीं चीं करत उतरतो. ती मात्र सुटली. मला ती पुढे जाताना बघायला आवडायचं, तिला कधी सांगितलं नाही.

आधी फणस हलला. अगदी थोडा, डावीकडे, उजवीकडे. मला वाटलं रस्ता खराब असेल. मग तिचे खांदे हलले. मग माझ्या लक्षात आलं की सायकलचं पुढचं चाकच थरथरतंय. कुणी हँडल दोन्ही टोकांना धरून गदागदा हलवावं तसं. आणि ते थांबत नव्हतं, वाढत होतं. सगळी सायकल माशासारखी वळवळत खाली चालली होती, आणि वेग कमी व्हायचं नाव नाही.

मी ब्रेक सोडले. तिला गाठावं म्हणून सोडले, पण गाठून काय करणार होतो? चालत्या सायकलचं कॅरिअर धरणार होतो? शेजारी जाऊन तिला उचलून घेणार होतो? ती माझ्यापुढे शंभर पावलांवर होती आणि मला तिच्यापर्यंत पोचायचा एकही मार्ग नव्हता. खालून एक डंपर वर येत होता. मोरी समोर दिसत होती. मला तिच्या आईचा चेहरा दिसला, आणि आईला काय सांगायचं याची वाक्यं डोक्यात जुळायला लागली. त्या वाक्यांची मला अजून लाज वाटते.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, आवाज. मी तोंड उघडलं. ‘ब्रेक मार’ हे दोन शब्द अगदी जिभेवर होते. बाहेर नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. घसा असा बंद झाला होता की साधं ‘ए’ म्हणता येईना. तीन मशीन चालू असताना शेडभर ऐकू जाणारा माणूस मी, आणि पोटची पोर डोळ्यांसमोर चालली होती तर मुका झालो.

तेवढ्यात तिचे गुडघे आत वळले. दोन्ही गुडघे मधल्या दांड्याला चिकटले आणि ती सीटवरून किंचित उठली. मला वाटलं, संपलं, भीतीने आखडली, आता उडी मारणार. मी डोळे मिटले. उतारावर, चालत्या सायकलवर डोळे मिटले. उघडले तेव्हा डंपर तिच्या बाजूने निघून गेला होता आणि तिची सायकल सरळ चालली होती. हळू होत होत मोरीच्या कठड्याजवळ ती थांबली आणि एक पाय खाली टेकला.

मी पोचलो तेव्हा ती पाणी पीत होती. बाटली दातांवर आपटत होती. मी सायकल तशीच आडवी टाकली. आधी फणस सोडला, ट्यूबची गाठ हाताला सुटेना, दाताने सोडली. फणस कठड्याशी ठेवला. तिच्याकडे बघायचं धाडस होईपर्यंत मला हाताला काही तरी काम हवं होतं.

‘‘वॉबल म्हणतात त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘मागे जड झालं की पुढचं चाक हलकं पडतं, आणि वेगात नाचायला लागतं. हँडल घट्ट धरलं की आणखी नाचतं. हात सैल सोडायचे, गुडघ्यांनी दांडा दाबायचा, वजन पायांवर घ्यायचं. आणि मग मागचा ब्रेक, एकदम हळू. जोरात मारला की सायकल फेकूनच देते.’’

‘‘कुणी शिकवलं?’’ माझा आवाज फुटला, पण तो माझा वाटला नाही.

‘‘मोबाईलवर बघितलं होतं. पण बघणं वेगळं.’’ तिने तोंड पुसलं. ‘‘थँक्यू बाबा.’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘तुम्ही ओरडला नाहीत. मी सारखी वाट बघत होते, आता मागून आवाज येणार, आता येणार. नाही आला, तेव्हा वाटलं, बाबांना पण माहितीये काय करायचं ते. मग जरा धीर आला.’’

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. घरी जाऊन तिने आईला हेच सांगितलं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिल्याबद्दल माझं कौतुक झालं असतं. पण कॅरिअर माझं होतं, फणस माझा होता. निदान हे तरी खोटं नको.

‘‘मला काही माहीत नव्हतं गं,’’ मी म्हणालो. ‘‘मी ओरडणारच होतो. आवाजच फुटला नाही.’’

‘‘काय ओरडणार होतात?’’

‘‘ब्रेक मार म्हणून. जोरात मार म्हणून.’’

तिने कठड्यावरून खाली ओढ्यातल्या धोंड्यांकडे पाहिलं. मला वाटलं आता ती चिडेल, आणि चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

‘‘मारला असता मी,’’ ती म्हणाली.

‘‘असं कसं? तुला तर माहीत होतं ना, मारायचा नाही ते?’’

‘‘माहीत होतं. तरी मारला असता, बाबा. तुमचा आवाज आला की माझा हात आपोआप चालतो.’’