आम्ही ज्याला उपवास म्हटलं

शाळेत समुपदेशनाचं काम माझ्या गळ्यात पडलं ते माझी लायकी बघून नव्हे. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या बाईला नाही म्हणायचाही कंटाळा असतो, हे आमच्या मुख्याध्यापकांना चांगलं ठाऊक होतं. चिकोडीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, अर्धं कन्नडमध्ये आणि अर्धं इंग्रजीत. मराठी शाळांतल्या आम्ही चौघीजणी मागच्या बाकावर बसून चहाची वाट बघत होतो. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी मोबाईलवर एका मराठी गटाची लिंक दिली. मन थकलेली माणसं तिथे लिहितात, म्हणाल्या. तुम्ही काही लिहू नका, नुसतं वाचा, ऐकायला शिकाल.

वर्षभर मी वाचत राहिले. खरं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही आणि सल्ला द्यायचा नाही, असे तिथले तीन नियम. पहिले दोन मला पटले. तिसऱ्यानं मात्र माझा जीव खाल्ला. आमच्या निपाणी भागात सल्ला दिल्याशिवाय माणूस शेजाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. इथे कुणी लिहायचं, आज दिवसभर पलंगावरून उठले नाही, आणि खाली दहाजण नुसतं लिहायचे, ‘वाचलं’, ‘सोबत आहे’. पहिल्या महिन्यात माझी बोटं शिवशिवायची. अगं ऊठ, आंघोळ कर, चार माणसांत जा, असं लिहायचे आणि पुसायचे. हळूहळू लिहायचंही सुटलं.

एकजण रोज सकाळी ‘उठलो’ एवढंच लिहायचा. स्वतःचं नाव त्यानं ‘दोडका’ घेतलं होतं. दुपारपर्यंत दोडका उठलेला दिसला नाही की माझं वर्गात लक्ष लागायचं नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी मोबाईल उघडायचे. खरं सांगते, वाचून वाचून मी थकले होते. दुःखात इतका तोचतोचपणा असतो हे मला माहीत नव्हतं. तरी वाचणं सुटत नव्हतं, कारण त्यात एक सुख होतं. मी कुणाचं तरी ऐकून घेते आहे, असं वाटायचं. शाळेत मी बाकीच्या बायकांना सांगायचेही, ऐकणं ही कला आहे म्हणून. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आमचं घर निपाणीजवळच्या खेड्यात आहे. जैनांचं, शेती असलेलं, अजून एकत्र राहिलेलं. सासू-सासरे गेले, मुलं शिकायला बाहेर. घरात दोघं भाऊ आणि आम्ही दोघी जावा, एवढेच. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही घराची रीत. मी शाळेतून पाचला यायचे तोवर धाकट्या जावेनं ताटं मांडलेली असायची. मी उजव्या हातानं जेवायचे आणि डाव्या हातानं गट वाचायचे. ती समोर बसून वाढायची.

ती स्वतः तेव्हा जेवत नसे. दिवसातून एकदाच जेवायचं, असं एकाशन तिनं बरेच दिवस धरलं होतं. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. गेल्या भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं आणि ती दहाही दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिली. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, बायका तिच्या पाया पडायला लागल्या. आमच्यात असा उपवास घडणं हा सगळ्या घराचा मान असतो. माझे यजमान आणि दीर गावात ताठ मानेनं फिरत होते. पारण्याच्या दिवशी तिला शाल द्यावी, ही सूचना माझी. चार शब्दही मीच बोलले. सून म्हणून आली आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे गेली, असं काहीतरी बोलले. लोकांना आवडलं. ती मान खाली घालून बसली होती. केवढा विनय, असं शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली.

पारण्याला तिनं दोन चमचे मुगाचं कढण घेतलं. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दीर म्हणाले, तिची अन्नावरची वासनाच उडाली, भाग्य लागतं त्याला. आम्ही माना डोलावल्या.

त्याच संध्याकाळी जेवताना गटावर एका मुलीचं लिहिलेलं वाचलं. वसतिगृहात राहणारी असावी. भूक मेली आहे, तिनं लिहिलं होतं, पोटात अन्न जाईना, आणि खोलीतल्या मैत्रिणी विचारतात की बारीक व्हायला काय करतेस, आम्हालाही सांग. माझ्या डोक्यात तिडीक गेली. डोळे फुटलेत का ह्या पोरींचे, असं मी मोठ्यानं म्हणाले.

“कुणाचं, आक्का?” जावेनं विचारलं.

मी मान वर केली. ती भाकरी वाढायला वाकली होती. तिच्या हातातल्या बांगड्या घसरून पार बोटांपर्यंत उतरल्या होत्या. त्या बांगड्या आम्ही दोघींनी मिळून भरल्या होत्या, तेव्हा पंजावरून चढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घास माझ्या तोंडात तसाच राहिला.

पुरुष उठून गेल्यावर मी तिला विचारलं, मुनिमहाराजांकडून उपवासाचा काही नियम घेतलायस का, किती दिवसांचा आहे? विचारलं तेही असंच, शाळेतल्या बाईसारखं. ती चुलीपाशी पाठमोरी उभी राहिली.

“मी उपास धरलाच न्हाई, आक्का. मला भूकच लागंना झालीया. तुमीच सगळ्यांनी उपास म्हटलासा. मग मी बी व्हय म्हटलं.”

“अगं, मग सांगायचं न्हाईस का?”

“लई खूश होतासा सगळी.”

एवढं बोलून ती ताटं उचलायला लागली. मला तिच्या हातातून ती घेण्याचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं आणि घरात वाद झाला. दीर म्हणाले, उपवास केलेल्या बाईला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं तर गाव काय म्हणेल, शाल दिलीय तिला. ती शाल माझीच होती. त्या दिवशी मी गटावर पहिल्यांदा लिहिलं: आमच्या घरातल्या बाईचं अन्न तुटलं आणि आम्ही तिचा सत्कार केला. खाली नेहमीचीच उत्तरं आली. दोडक्यानंही ‘सोबत आहे’ लिहिलं. मला त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या.

शेवटी यजमानांनी भावाला गप्प केलं आणि मी तिला बेळगावला नेलं. बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. बेळगावच्या अलीकडचं काकती गाव मागे पडलं तसं मी विचारलं, काही खातेस का? तिनं मानेनंच नको म्हटलं.  ऐकायला शिकलेल्या मला तिच्याशी बोलायचं काय, हेच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, मोडक्या मराठीत प्रेमानं बोलत होत्या. कधीपासून जेवण जात नाही, त्यांनी तिला विचारलं. सवयीनं मीच तोंड उघडलं आणि सांगायला लागले, भाद्रपदापासून. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तिच्याकडे बघत राहिल्या. 

“चार वर्सं झाली,” ती म्हणाली. “आई गेली तवापास्नं. कोगनोळीच्या नाक्यावरनं माघारी आलो बघा, तवापास्नं.”

करोनाच्या साथीचं वर्ष होतं ते. कोगनोळीचा नाका म्हणजे राज्याची हद्द; तिचं माहेर नाक्यापलीकडे महाराष्ट्रात, पंधरा मिनिटांवर. तिकडे तिची आई वारली होती आणि आमच्याकडे चाचणीचा कागद नव्हता. नाक्यावरच्या माणसांचा दोष नव्हता, नियमच तसा होता. गाडी वळवून आम्ही परत आलो. गाडीत मी तिच्या शेजारी बसले होते. घरी आल्यावर तिला आंघोळ घातली आणि समोर बसून बळजबरीनं भाताचे चार घास तिला मीच भरवले. पुढची चार वर्षं आम्ही एकाच स्वयंपाकघरात होतो, आणि ती जेवली का, हे मी तिला त्यानंतर एकदाही विचारलं नव्हतं.