अंबिकाबाईंनी बुडवलेली विमा कंपनी

इंदुरात आगीचा विमा लोकांच्या गळी उतरवला तो प्रतापरावांच्या कंपनीनं. होळकरी अमदानीत त्यांच्या वडिलांनी ती काढली होती. विमा उतरवला की कंपनीचा माणूस दारावर पत्र्याची लाल पाटी ठोकून जायचा. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं तोवर पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात निम्म्या दारांवर ती दिसे. श्रीपाद गोडबोले गिरण्यांसाठी सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनी बनवत, त्यांच्याही दारावर होती.

एका उन्हाळ्यात तो कारखाना जळाला. प्रतापराव स्वतः पाहणीला आले आणि राखेत उभं राहून, सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "आग मालकानंच लावलीय. धंदा बसला होता ना."

त्यानंतर श्रीपादराव घराबाहेर पडेनासे झाले. दिवाळीच्या आधीच गेले.

तेरावा झाला. मग त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी मुंबईच्या एका विमा कंपनीची एजन्सी घेतली. भाऊ म्हणाला, "बाईमाणूस कारखाने हिंडणार?"

"हिंडणार. त्यांची कंपनी बुडेस्तोवर."

पोलोग्राउंडच्या दारोदार त्या गेल्या. प्रत्येक मालकाला इंदुरी रीतीनं भाऊ म्हणून हाक मारत म्हणाल्या, "भिया, विमा खुशाल त्यांच्याकडेच ठेवा. फक्त उद्या जळालं तर चोर तुम्हीच ठराल, एवढं ध्यानात असू द्या." श्रीपादरावांचं काय झालं ते लोकांनी पाहिलं होतं. पाट्या उतरू लागल्या.

दोन-तीन वर्षांनी प्रतापराव अन्नपूर्णेच्या देवळाजवळ अंबिकाबाईंच्या घरी आले. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"वहिनी, अब बस करा. क्लेम देतो, व्याजासकट."

"पैसे नकोत. जिथं बोललात तिथंच जाऊन शब्द मागे घ्या."

प्रतापराव जळालेल्या कारखान्याच्या जागी गेले. जुन्या कामगारांसमोर मान खाली घालून म्हणाले, "श्रीपादरावांनी आग लावली नव्हती. क्लेम टाळायला मी तसं बोललो."

अंबिकाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या प्रतापरावांच्या उरलेल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे गेल्या.

प्रतापराव संतापून आले. "मी माफी मागितली ना?"

"मागितलीत. मी माफ केलं असं कुठं म्हटलं?"

वर्षभरात कंपनीला टाळं लागलं. कचेरीचं सामान हातगाड्यांवर चढत होतं, तेव्हा अंबिकाबाई समोरच्या ओट्यावर बसून बघत होत्या. शेवटची गाडी वळणाआड गेल्यावर उठल्या, घरी आल्या आणि भावजयीला म्हणाल्या, "ताट वाढ. आज भूक लागलीय."